भावाचा रकाना

गणेशोत्सवाच्या दिवसांत कोकणातल्या एका खेड्यात भजनस्पर्धेचा परीक्षक होऊन बसण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी माझ्यावर आला. संगीताचा मी अधिकारी जाणकार नव्हे. परंतु ज्या बुवांना बोलावले होते त्यांचा पाय आयत्या वेळी मुरगळला, आणि चार पुस्तके लिहिलेला असल्यामुळे ज्याला काहीतरी समजत असलेच पाहिजे असा ग्रामस्थांचा ग्रह झालेला पाहुणा नेमका मीच सापडलो. देवळाच्या सभामंडपात मला एक खुर्ची, चादर घातलेले टेबल, पाण्याचा तांब्या, शिसपेन्सिल आणि छापील गुणपत्रकांचा एक गठ्ठा देण्यात आला. पत्रकावर चार रकाने होते: स्वर ३०, ताल ३०, शब्दोच्चार २०, भाव २०. पहिल्या तिहींविषयी मला विशेष चिंता वाटली नाही, कारण स्वर उतरला तर तो कानाला कळतो, सम चुकली तर मंडपातली पोरेसुद्धा माना वळवतात, आणि कोणत्या शब्दाचा उच्चार कसा झाला यावर वाद घालण्याची तर आपल्याकडे पिढीजात हौस आहे. चौथ्या रकान्याशी मात्र पेन्सिल थबकली. विठ्ठलाला उद्देशून गाणाऱ्या माणसाच्या अंतःकरणात विठ्ठल कितपत आहे, हे विसांपैकी किती गुणांनी दाखवावयाचे?

पहिली मंडळी गाऊ लागली. बुवांचा आवाज खडा, पेटी जरा चढी, पखवाज मात्र सुरेख बोलत होता. मागच्या रांगेच्या टोकाला एक वृद्ध टाळकरी बसले होते. धुवट सदरा, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर घडी केलेले उपरणे. आणि त्यांचा टाळ इतरांच्या मागून किंचित, अगदी पाव मात्रेने म्हणावा इतका, उशिरा पडत होता. सगळी मंडळी डोळे मिटून डोलत असताना या गृहस्थांची दृष्टी ना देवाकडे होती, ना बुवांकडे. ती पखवाजियाच्या हातांवर अशी खिळलेली होती की जणू ते हात उद्या बाजारात विकत घ्यावयाचे आहेत. मी तालाच्या रकान्यात तीन गुण कापले; आणि भावाच्या रकान्यात, फारसा विचार न करता, बारा लिहिले.

त्या बारांचा विचार मी पुढे बरीच वर्षे करीत आलो आहे.

देवाच्या दारात गाण्याची शर्यत लावावी आणि माणसांनी तिचा निवाडा करावा, ही रीत काही कोकणाने शोधून काढलेली नाही. ग्रीस देशात डेल्फी येथे अपोलो देवाचे जे प्राचीन क्षेत्र होते, तेथल्या उत्सवातील सर्वांत जुनी स्पर्धा ही त्या देवाचे स्तोत्र गाण्याची होती, असे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील पॉसेनिअस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. आणि त्याच ओघात तो अशी एक गोष्ट सांगून जातो की पुढच्या सर्व सन्मानसमारंभांची कुंडलीच त्या दोन-चार ओळींत मांडलेली आहे असे मला वाटते. ऑर्फिअस, ज्याच्या वीणेने झाडे आणि पाषाण हलत असे ग्रीक लोक मानीत, त्याला आपल्या गूढविद्येचा इतका अभिमान होता की त्याने स्पर्धेत उतरण्याचे साफ नाकारले. त्याचा अनुयायी म्युसिअस हा गुरूचे सर्वच बाबतींत अनुकरण करणारा असल्यामुळे त्यानेही नाकारले. आणि कवी हेसिअड बिचारा गाण्यास तयार होता, परंतु स्वतःच्या गाण्याला स्वतः तंतुवाद्याची साथ करणे त्याला येत नव्हते, म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. म्हणजे आरंभापासून एकाने परीक्षकांना नालायक ठरवले, दुसऱ्याने पहिल्याचे पाहून तसेच केले, आणि तिसरा नियमांत बसला नाही. जे उरले त्यांच्यामधून विजेता निवडला गेला.

डेल्फीच्या विजेत्याला सुरुवातीस मौल्यवान वस्तू देत. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात ती चाल मोडून केवळ लॉरेलच्या डहाळीचा मुकुट देण्याचा शिरस्ता पडला. चार दिवसांत वाळून जाणारी पाने हेच मोल ठेवण्यात त्या लोकांचे काही शहाणपण होते खरे. परंतु पाने वाळतात म्हणून हाव वाळत नाही, हे सम्राट नीरोने सिद्ध करून दिले. इ.स. ६७ च्या सुमारास तो ग्रीसमध्ये गाण्यासाठी गेला, निरनिराळ्या वर्षी होणारे उत्सव त्याच्या सोयीसाठी एकत्र ओढण्यात आले, आणि तो जे मुकुट घेऊन परतला त्यांची संख्या डिओ कॅसिअस या इतिहासकाराने १८०८ दिली आहे. ही संख्या हास्यास्पद आहेच. परंतु चरित्रकार सुएटोनिअसने नोंदवलेली एक लहानशी गोष्ट मला अधिक विचार करावयास लावते. ज्यांची मान उडवण्यास त्याला एका शब्दाचीही गरज नव्हती अशा परीक्षकांसमोर उभे राहताना नीरो खरोखरच घाबरत असे; गाण्यापूर्वी तो त्यांना अत्यंत विनयाने सांगे की आपल्याकडून होण्यासारखे सर्व आपण केले आहे, यश मात्र दैवाच्या हाती. निकाल अगोदरच लागलेला होता, हे मंडपात त्याच्याइतके कोणालाच पक्के ठाऊक नव्हते. तरीही तो घाबरत असे. मिळणार हे निश्चित असलेल्या गोष्टीबद्दल माणूस घाबरतो तेव्हा त्याला ती गोष्ट नको असते. ती आपल्याला खरोखर लाभली आहे अशी कोणीतरी ग्वाही द्यावी, अशी त्याची तळमळ असते. ती ग्वाही देऊ शकणारा एकही माणूस त्याने आपल्या राज्यात मोकळा ठेवलेला नव्हता.

आपल्या भाषेत बक्षीस या वस्तूला जी नावे आहेत ती एकदा जवळून पाहावीत. 'पारितोषिक' हा शब्द परितोषापासून निघालेला. ऐकणारा तृप्त झाला आणि त्या तृप्तीच्या भरात त्याने जे काढून दिले ते पारितोषिक. 'बक्षीस' हा फारसी शब्द ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ देणे असा आहे आणि क्षमा करणे असाही आहे. 'इनाम' अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरांत शिरला आणि जमिनीच्या तुकड्याला चिकटून बसला; पण मुळात त्याचा अर्थ अनुग्रह. 'बिदागी' तर निव्वळ निरोपाची वस्तू: गवई उठला, त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवावे, म्हणून दिलेली. या सर्व शब्दांत कर्ता देणारा आहे आणि तो स्वतःविषयी बोलतो आहे. मी तृप्त झालो, मी कृपा केली, मला तुला निरोप देणे जड जाते, एवढेच त्यांतून म्हटलेले आहे. गाणाऱ्याची योग्यता ठरवण्याचा उद्योग त्यांतल्या एकाही शब्दाने पत्करलेला नाही. त्यामुळे त्यावर अपीलही चालत नाही, कारण माझी तृप्ती झाली असे जो सांगतो त्याला ती झाली नाही हे पटवून देणारी कचेरी अद्याप स्थापन व्हावयाची आहे. राहिला 'पुरस्कार'. पुढे करणे हा त्याचा धात्वर्थ. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला असे आपण म्हणतो तेव्हा त्यात एखाद्या पक्षाची बाजू उघडपणे उचलण्याचे धैर्य असते. पण हाच शब्द बक्षिसाच्या अर्थाने रूढ झाला तेव्हा मात्र कोणाला तरी पुढे बसवणे म्हणजे ओघानेच बाकीच्यांना मागे बसवणे, ही पंगतीची कल्पना त्याच्याबरोबर आली. परितोषाच्या जागी पंक्ती आली, आणि तृप्त होणाऱ्या श्रोत्याच्या जागी गुणपत्रक घेऊन बसलेला पंच आला.

येथे कोणी म्हणेल की हा सर्व मानवी व्यवहार आहे. भगवंताच्या दरबारात असला पंक्तिभेद नाही. असे म्हणणाऱ्याने अद्भुत रामायण वाचलेले नसावे. त्या ग्रंथात, आणि थोड्या फरकाने लिंगपुराणातही, कौशिक नावाच्या एका ब्राह्मणाची कथा आहे. हा विष्णूखेरीज कोणाचेही गुण गात नसे. कलिंगाच्या राजाने त्याला आपली कीर्ती गाण्याची आज्ञा केली. त्याने ती नामंजूर केली. तेव्हा राजाने आपल्या सेवकांकडून ती गाववून घेण्याचा घाट घातला, आणि कौशिकाने व त्याच्या शिष्यांनी ते कानांवर पडू नये म्हणून कान फोडून घेतले, आणि सक्तीने गावे लागू नये म्हणून जिभांची टोके छाटून टाकली. राजाच्या बक्षिसाला याहून कठोर नकार कोणी दिल्याचे मला ठाऊक नाही. हे सर्व भक्त यथाकाल वैकुंठास गेले, आणि त्यांच्या स्वागतार्थ तेथे गायनाचा मोठा सोहळा झाला. येथपर्यंत कथा जशी व्हावी तशीच झाली. पुढे मात्र असे घडले की लक्ष्मी आपल्या परिवारासह आली, तिच्या दासींनी वाट मोकळी करण्यासाठी वेत्र उगारून देवांना आणि ऋषींना बाजूला सारले, त्यांत नारदही सारले गेले. आणि तुंबरू गंधर्वाला मात्र आदराने आत बोलावून, त्याचे गायन ऐकून, वस्त्रे आणि अलंकार देण्यात आले. नारदांना हे सहन झाले नाही. त्यांनी लक्ष्मीला शाप दिला की तू राक्षसीच्या उदरी जन्म घेशील. आणि अद्भुत रामायणाच्या कर्त्याच्या मते सीतेच्या जन्माचे कारण हे. म्हणजे लंकादहन, सेतुबंध आणि रावणवध या सर्वांचे मूळ वैकुंठातल्या एका गानसत्कारात आणि त्या सत्कारात दुखावलेल्या एका थोर कलावंतात आहे. पुराणकारांना विनोदबुद्धी नव्हती असे ज्यांना वाटते त्यांनी ही कथा सावकाश वाचावी.

परंतु त्या कथेचा गाभा शापात नाही, पुढच्या भागात आहे. तुंबरूसारखे गाता यावे म्हणून नारद गानबंधू नावाच्या घुबडाकडे शिकावयास गेले. देवर्षीने घुबडापुढे शिष्य होऊन बसावे, यातला उपरोध पुराणकाराने बोलून दाखवला नाही, पण लपवलाही नाही. दीर्घ काळ अभ्यास करून, आता तुंबरूला जिंकू अशा ईर्षेने ते त्याच्या घराकडे निघाले, तो दाराशी त्यांना काही स्त्री-पुरुष दिसले. कोणाचा पाय तुटलेला, कोणाचे नाक छाटलेले, कोणाचे कान गेलेले. हे कोण म्हणून नारदांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की आम्ही राग आणि रागिणी. नारद नावाचा कोणी एक आहे, त्याच्या गाण्याने आमची ही दशा झाली. तुंबरू गाईल तेव्हा आमची अंगे पुन्हा जुळतील, म्हणून त्याच्या दारात बसलो आहोत.

मला हा प्रसंग साऱ्या जगाच्या सौंदर्यशास्त्रात अपूर्व वाटतो. आपण जेव्हा बक्षिसांविषयी भांडतो तेव्हा दोनच पक्ष धरून चालतो: गाणारा आणि ऐकणारा, किंवा आजच्या भाषेत उमेदवार आणि परीक्षक. पुराणकाराने तिसरा पक्षकार दाराशी आणून बसवला. गाणे चांगले झाले की नाही हे गाणाऱ्याच्या समाधानावरून ठरत नाही, कारण नारद अत्यंत समाधानी होते. ऐकणाऱ्याच्या मानपत्रावरूनही ठरत नाही. ज्याचे गाणे केले त्या रागाचे हातपाय शाबूत राहिले की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि विशेष असे की नारदांच्या भक्तीत काही उणे होते असे कथाकार कोठेही म्हणत नाही. त्यांच्यासारखा भक्त त्रिभुवनात नाही. भावाच्या रकान्यात त्यांना विसांपैकी वीसच द्यावे लागतील. आणि तरीही रागिणीचे नाक गेले. भाव असला म्हणजे झाले, असे आपल्याकडे जे सर्रास म्हटले जाते त्याला या कथेने जागच्या जागी अडवले आहे. पुढे नारदांना कृष्णावतारापर्यंत थांबावे लागले आणि जांबवती, सत्यभामा, रुक्मिणी यांच्याकडे क्रमाने शिकून अखेर प्रत्यक्ष कृष्णाकडून ती विद्या मिळाली. त्यानंतर त्यांच्या मनातील तुंबरूविषयीचा मत्सर गेला. विद्या आल्यावर मत्सर गेला, मत्सर गेल्यावर विद्या आली असे नव्हे. हा क्रमही मला नेहमी विचारात पाडतो.

देवासाठी गाणे आणि मानासाठी गाणे या दोन गोष्टी एका माणसात किती निमूटपणे शेजारी नांदतात याचे उदाहरण हवे असेल तर ते जर्मनीत सापडते. १७२२ साली लाइपझिग शहरात सेंट टॉमस शाळेच्या कांटोरची, म्हणजे तेथील विद्यार्थ्यांच्या आणि शहरातील मुख्य चर्चांच्या संगीताची जबाबदारी वाहणाऱ्या शिक्षकाची, जागा रिकामी झाली. नगरपरिषदेची पहिली पसंती टेलेमान या संगीतकाराला होती. त्याने हाम्बुर्गमध्ये आपला पगार वाढवून घेतला आणि नकार कळवला. दुसरी पसंती ग्राउप्नरला. त्याच्या डार्मस्टाटच्या धन्याने त्याला सोडण्याचे नाकारले. तेव्हा १७२३ च्या एप्रिलात योहान सेबास्टिअन बाख याची नेमणूक झाली. आणि उत्तम मनुष्य मिळत नसेल तर मध्यमावर भागवावे लागते, अशा आशयाचा एका सभासदाचा शेरा परिषदेच्या कागदपत्रांत राहून गेला. शेरा मारणारा काही मूर्ख नव्हता. टेलेमानची कीर्ती त्या काळी खरोखरच मोठी होती. पंचांनी पंचांसारखाच निवाडा दिला.

हा बाख आपल्या धार्मिक रचनांच्या हस्तलिखितांवर आरंभी येशूच्या साहाय्याची याचना करणारी दोन अक्षरे आणि शेवटी, सर्व कीर्ती एका ईश्वराची, या अर्थाच्या लॅटिन वचनाची तीन आद्याक्षरे घालीत असे. आपल्याकडे कागदाच्या माथ्यावर 'श्री' काढतात आणि पोथीच्या शेवटी 'शुभं भवतु' लिहितात, तसेच. १७३३ साली सॅक्सनीचा अधिपती वारला, राजदुखवट्यामुळे काही महिने चर्चमधील वाद्यांचा थाट बंद राहिला, आणि त्याच वर्षी बाखने कॅथलिक उपासनेतील पहिले दोन भाग, कीरिए आणि ग्लोरिआ, मोठ्या विस्ताराने स्वरबद्ध केले. त्यांची हस्तलिखिते त्याने २७ जुलै १७३३ रोजी ड्रेस्डेन येथे नव्या अधिपतीला सादर केली, आणि सोबत एक अर्ज जोडला. अर्जाचा मजकूर आपल्याकडील कोणत्याही पेशवेकालीन विनंतीपत्रात खपून जावा असा आहे: लाइपझिगमध्ये आपण इतकी वर्षे संगीताची जबाबदारी पाहत आहोत, कारण नसताना आपला अवमान होतो, नोकरीतील वरकड प्राप्तीही घटत चालली आहे, तरी महाराजांनी आपल्या दरबारी गायनशाळेतील एक हुद्दा बहाल करावा, म्हणजे हे सर्व थांबेल. तीन वर्षांहून अधिक काळ तो अर्ज पडून राहिला. १७३६ च्या नोव्हेंबरात दरबारी संगीतकाराची सनद मिळाली.

एकाच पुडक्यात देवाकडे दयेची याचना आणि दरबाराकडे हुद्द्याची मागणी! हे दांभिकपण आहे काय? मला तसे वाटत नाही. त्याला सनद हवी होती ती नगरपरिषदेच्या कारकुनी जाचापुढे धरावयास ढाल म्हणून. ज्याला घरात पोरे आहेत, ज्याचा हक्काचा पैसा कापला जातो, त्याने मान मागू नये हा उपदेश करणे सोपे आहे आणि तो उपदेश करणारे बहुधा पेन्शन घेत असतात. माझा प्रश्न वेगळा आहे. कीरिएचे ते पाच आवाज एकमेकांमागून उठतात तेव्हा त्यांना अर्जाची खबर असते काय? आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, १७४८-४९ च्या सुमारास, बाखने त्याच दोन भागांना पुढचे भाग जोडून 'बी मायनर मास' म्हणून आज ओळखली जाणारी संपूर्ण कृती उभी केली. ती संपूर्णपणे त्याच्या हयातीत कोठे गायली गेल्याची नोंद नाही. ज्याच्यासाठी तो अर्ज लिहिला गेला तो हुद्दा आता चरित्रग्रंथांच्या तळटीपांत आहे. पुराणकाराच्या भाषेत सांगावयाचे तर, मागणे माणसाने मागितले, पण दाराशी बसलेल्या रागिणीचे एकही बोट दुखावले गेले नाही.

त्यानंतरच्या काळात दरबारांच्या जागी अकादम्या आल्या, सनदांच्या जागी पदके आली, आणि देणाऱ्याचे तोंड दिसेनासे झाले. फ्रान्समध्ये 'प्री द रोम' या सरकारी संगीतपारितोषिकासाठी मॉरिस रॅव्हेल हा संगीतकार पाच वेळा बसला. १९०५ साली, तिशीत आलेला आणि देशभर नाव झालेला असताना, त्याला प्राथमिक फेरीतच वगळण्यात आले, आणि अंतिम फेरीत गेलेले सर्वच्या सर्व उमेदवार परीक्षक-मंडळातील एकाच प्राध्यापकाचे शिष्य निघाले. एवढा गदारोळ झाला की पॅरिसच्या संगीतविद्यालयाच्या संचालकाची खुर्ची गेली. पंधरा वर्षांनी सरकारने रॅव्हेलला 'लेजिआँ दॉनर' हा सन्मान देऊ केला तेव्हा त्याने तो नाकारला. आपल्याकडे उस्ताद विलायत खाँ यांनी १९६४ साली पद्मश्री आणि १९६८ साली पद्मभूषण नाकारले, आणि २००० साली पद्मविभूषणही नाकारले. माझ्या सतारीची पारख करण्याचा अधिकार निवड करणाऱ्यांना कोठून आला, असा त्यांचा रोख होता. या नकारांविषयी आपल्याला आदर वाटतो, आणि वाटावाही. परंतु डेल्फीच्या दारातून परतलेला ऑर्फिअस आठवला म्हणजे मनात येते की तुम्ही मला मोजू शकत नाही असे म्हणणारा स्वतःला मोजून झालेला असतो. नकारालाही क्रमांक असतो. तो केवळ पहिल्याच्या वरचा असतो. कौशिकाचा नकार याहून निराळ्या जातीचा होता. राजाला संगीत कळत नाही, अशी त्याची तक्रार कोठेही नोंदलेली नाही.

१९६५ साली अमेरिकेत पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत-परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन या कृष्णवर्णीय वादक-रचनाकाराच्या साऱ्या कारकिर्दीचा विशेष गौरव करण्याची शिफारस केली, आणि वरिष्ठ मंडळाने ती फेटाळली. तिघा परीक्षकांपैकी दोघांनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. फार लहान वयात फार प्रसिद्ध होऊ नये अशी दैवाची आपल्यावर कृपा दिसते, एवढेच तो हसून म्हणाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये त्याने आपला पहिला 'सेक्रेड कॉन्सर्ट' केला: जॅझची वाद्ये, गायकवृंद आणि नर्तकाच्या पायांचा ठेका, सगळे देवापुढे. आपण केलेल्या कामांत हे सर्वांत महत्त्वाचे असे तो पुढे म्हणत असे. त्या मैफलीत बायबलच्या पहिल्या शब्दांवर बांधलेली जी रचना होती तिला पुढे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. विश्वाच्या उत्पत्तीला जॅझ-रचनेच्या विभागात पहिला क्रमांक मिळाला, असेही म्हणता येईल.

इतके सगळे म्हणूनही बक्षिसे बंद करावीत असे म्हणण्याची माझी छाती होत नाही. १९८० साली वॉर्सा येथील शोपँ पियानोस्पर्धेत इव्हो पोगोरेलिच हा वादक अंतिम फेरीपूर्वी वगळला गेला आणि मार्था आर्गेरिच या परीक्षिकेने त्याला अलौकिक प्रतिभेचा म्हणून जाहीर करून परीक्षक-मंडळ सोडले, ही हकीकत सगळे सांगतात. त्या वर्षी जिंकला कोण, हे फारसे कोणी सांगत नाही. जिंकला डांग थाय सन, युद्धाच्या काळात हानोईत लहानाचा मोठा झालेला व्हिएतनामी तरुण, त्या स्पर्धेचा पहिला आशियाई विजेता. त्याला कोणत्या दरबाराने बोलावले असते? कोणत्या रसिकाच्या परितोषाची वाट त्याने कोठे बसून पाहिली असती? परितोष ही सुंदर गोष्ट आहे, परंतु परितोष पावणारे लोक सहसा आपल्या ओळखीच्या माणसांवरच संतुष्ट होतात. १९१३ साली 'प्री द रोम' मिळवून त्या पारितोषिकाच्या संगीत-विभागात स्त्रियांसाठी दार उघडणारी लिली बुलांझे एकोणीस वर्षांची होती. तिला कोणाच्या कृपेवर ठेवले असते तर ती शेवटपर्यंत कृपेचीच मानकरी राहिली असती.

मग मोजायचे काय आणि सोडायचे काय? मलेशियात १९६१ पासून कुराणपठणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत आल्या आहेत. तेथे परीक्षक उच्चारशास्त्राच्या नियमांना, शब्दांच्या स्पष्टतेला, सुरावटीला आणि आवाजाला गुण देतात. पठण करणाऱ्याच्या श्रद्धेला स्वतंत्र रकाना नाही. ज्या ग्रंथाचे पठण चालले आहे तो ईश्वराचा शब्द, आणि ते पठण ऐकणारे सर्वच श्रद्धावंत. तरीही अक्षर कोठे दाबले, श्वास कोठे तोडला, एवढ्यावरच त्यांनी आपला अधिकार थांबवला. मला ही कायदेपंडिताची मर्यादा आपल्या उदार भाववादापेक्षा अधिक धार्मिक वाटते. बाराखडीची परीक्षा घ्यावी. अंतर्यामीची घेण्याचे काम ज्याचे आहे त्याने ते कोणाकडे मुखत्यारपत्र देऊन सोपवलेले नाही.

त्या रात्री खेड्यातल्या सभामंडपात मात्र माझ्यापुढे चार रकान्यांचे पत्रक होते आणि चारही भरून देणे भाग होते. सात मंडळ्या गाऊन गेल्या, बेरजा झाल्या, आणि पहिल्या मंडळीचा क्रमांक दोन गुणांनी हुकून ती दुसरी आली. चिटणिसांनी माझ्या पेन्सिलीच्या आकड्यांवर शाईने गिरवले, खाली माझी सही घेतली आणि पत्रके दप्तरात ठेवली. निकाल वाचून झाला, पितळी समई पहिल्या मंडळीऐवजी शेजारच्या वाडीकडे गेली, टाळ्या झाल्या. आणि मग सगळ्या मंडळ्या मिळून आरतीला उभ्या राहिल्या. ते वृद्ध टाळकरी माझ्यापासून चार हातांवर होते. या वेळीही त्यांचे डोळे उघडेच होते, आणि आता ते दुसऱ्याच मंडळीच्या पखवाजियाच्या हातांकडे पाहत होते. मी चिटणिसांच्या कानाशी वाकून विचारले, हे आजोबा असे का पाहतात?

"तेंका आयकाक येणा नाय," चिटणीस आरती न थांबवता, दोन कडव्यांच्या मधल्या श्वासात म्हणाले. "धा-बारा वर्सां झाली. हाताकडे बगान वाजवतत."